आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर

नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर येथील, डोंगराच्या पायथ्याशी असलेली एक-दोन मजली घरांची वसाहत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेसाठी तिचा आराखडा केला. बांधकाम १९८३ ते १९८६ या काळात झाले. कोरियांनी प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह १९६४-६५ मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडे हे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे ते मुख्य वास्तुविशारदही होते.

आराखड्याचा पाया अंगण हा आहे. सात घरे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती बसवली आहेत. असे तीन गट एकत्र येऊन २१ घरांचा, सुमारे १२ मीटरचा मोठा चौक बनतो, आणि पुढे याच रीतीने त्याहून मोठे मैदान. पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढाही रचनेत सामावला आहे.

दुसरे तत्त्व अधिक धाडसी आहे. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे वेगवेगळ्या उत्पन्नगटांच्या भूखंडांतील फरक कमी. आणि कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे खोली वा मजला वाढवता येतो. साधे बांधकाम स्थानिक गवंड्यांच्या आवाक्यातले होते.

पुढे अनेक मूळ घरे पाडून तेथे सिमेंट-काँक्रीटची उंच घरे उभी राहिली. कौलारू छपरे कमी झाली, चौकांची रचना मात्र टिकली. आराखड्याचे खरे यश तेच.