वेबसाइट तुमची, पण किल्ली कुणाकडे? ओपन सोर्स सॉफ्टवेअर समजून घेऊया

समजा, साकोलीतल्या एका वाचनालयाने काही वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून घेतली. पुस्तकांची यादी, कार्यक्रमांचे फोटो, झाडीबोलीतल्या कविता आणि लेख, सगळं त्यावर चढवलं. वेबसाइट बनवणारा मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. हळूहळू त्याचा फोन लागेनासा झाला. आणि एक दिवस पत्ता टाकला, तर पानच उघडेना.

उदाहरण काल्पनिक आहे, पण असा अनुभव आलेली शाळा, संस्था किंवा दुकान तुमच्याही ओळखीत असेल. अशी वेबसाइट परत मिळते का? ते दोन गोष्टींवर ठरतं. ती कोणत्या सॉफ्टवेअरवर बनली होती आणि तिच्या किल्ल्या कुणाकडे होत्या.

आधी हे सीएमएस म्हणजे काय?

सुरुवातीच्या काळात वेबसाइटचं प्रत्येक पान हाताने कोड लिहून बनवावं लागायचं. फोन नंबर बदलला, तर प्रत्येक पानावर जाऊन तो बदलायचा. सीएमएस, म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, आल्यावर हे काम सोपं झालं. यात मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो आणि वेबसाइटचं दिसणं 'थीम' ठरवते. तुम्ही लॉगिन करायचं, मजकूर लिहायचा, फोटो टाकायचा आणि 'प्रकाशित करा' दाबायचं. ईमेल लिहिता येत असेल, तर हेही जमतं.

वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही यातली तीन प्रसिद्ध नावं. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेली आहेत आणि तिन्ही ओपन सोर्स आहेत. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट एकट्या वर्डप्रेसवर चालतात.

ओपन सोर्स म्हणजे फुकट?

पैसे लागत नाहीत हे खरं, पण मुद्दा तेवढाच नाही. ही तिन्ही सॉफ्टवेअर 'जीपीएल' या परवान्याखाली मिळतात. त्यातून वापरणाऱ्याला चार हक्क मिळतात: सॉफ्टवेअर कशासाठीही वापरायचं, त्याचा कोड उघडून बघायचा, त्यात बदल करायचा आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्यायची.

खर्च मात्र शून्य होत नाही. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. ती ज्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या जागेचं, म्हणजे होस्टिंगचं, भाडं असतं. देखभाल करणाऱ्याची मजुरीही द्यावी लागते.

बनवणारा निघून गेला तर?

वर्डप्रेसचा जन्मच या प्रश्नातून झाला. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच प्रोग्रामरने 'बीटू' नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्याने त्यावर काम करणं थांबवलं आणि वापरणारे अडकले. पण कोड जीपीएलखाली खुला होता. अमेरिकेतला १९ वर्षांचा मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तोच कोड घेऊन काम पुढे नेलं. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कोड बंद असता, तर बीटू तिथेच संपलं असतं.

जूमलाची गोष्टही अशीच. २००५ मध्ये 'मॅम्बो' या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचं त्यामागच्या ऑस्ट्रेलियन कंपनीशी बिनसलं. ते बाहेर पडले आणि खुला कोड घेऊन त्यांनी जूमला सुरू केलं. हे नाव स्वाहिली भाषेतल्या शब्दावरून आलंय. त्याचा अर्थ 'सगळे मिळून'.

ड्रुपलच्या नावात तर चक्क गाव लपलंय. बेल्जियमचा ड्रीस बायटार्ट विद्यार्थी असताना आपल्या छोट्या साइटसाठी 'डॉर्प' हे डोमेन शोधत होता. डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव. टाइप करताना अक्षरं इकडची तिकडे झाली आणि 'ड्रॉप' झालं, म्हणजे थेंब. थेंबाला डचमध्ये 'ड्रूपल' म्हणतात. त्यावरून २००१ मध्ये ड्रुपल हे नाव आलं.

मराठी इंटरनेट कशावर चालतं?

मायबोली, मनोगत, मिसळपाव किंवा ऐसी अक्षरे वाचत असाल, तर लेखाच्या पत्त्यात 'नोड' हा शब्द आणि पुढे आकडा दिसला असेल. ही ड्रुपलची खूण. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली पुढे ड्रुपलवर आली. बाकीच्या तिघीही त्याच वाटेने गेल्या. म्हणजे मराठीतलं कितीतरी ऑनलाइन लेखन बेल्जियममधल्या एका विद्यार्थ्याने खुल्या केलेल्या कोडवर उभं आहे.

१ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया 'मीडियाविकी' या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतो. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. हा विश्वकोश इंटरनेटवर आला तेव्हा त्याच्या नोंदींचे पत्ते जूमलाच्या धाटणीचे होते. आताची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. सॉफ्टवेअर बदललं, पण मजकूर नव्या घरात नेता आला.

इथेच खरा फरक आहे. काही कंपन्या 'स्वतः वेबसाइट बनवा' अशी तयार सेवा देतात. सुरुवात सोपी असते, पण वेबसाइट आहे तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कंपनीने सेवा बंद केली, की सगळं संपतं. याहूची 'जिओसिटीज' ही मोफत वेबसाइटची सेवा एकेकाळी खूप लोकप्रिय होती. ती २००९ मध्ये बंद झाली आणि लोकांनी बनवलेली लाखो पानं गेली.

केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये धोरण आणून सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायला सांगितलं. एकाच कंपनीवर अडकून राहू नये, हे त्यामागचं एक कारण.

मग धोका काहीच नाही?

आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव', गावोगाव आहेत. पाणी सगळ्यांचं असतं, पण पाळ दुरुस्त केली नाही आणि गाळ काढला नाही, तर तलाव उथळ होत जातो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. इथे गाळ काढणं म्हणजे अपडेट करणं.

१५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच दिवशी आली. पण काही तासांतच हल्ले सुरू झाले. पुढे ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच सांगितलं, की सात तासांत दुरुस्ती केली नसेल, तर वेबसाइट हॅक झाली असं समजूनच चाला. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्यावर अजून चालणाऱ्या वेबसाइटनी नव्या आवृत्तीवर जायलाच हवं.

वर्डप्रेसमध्ये जास्त त्रुटी सापडतात त्या प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या सुविधांमध्ये. विकतची थीम कुठूनतरी फुकट उतरवून घेणं तर सगळ्यात धोक्याचं. अशा प्रतींमध्ये अनेकदा घातक कोड लपवलेला असतो.

दुसरा धोका सत्तेचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला. वर्डप्रेसचे अपडेट जिथून येतात त्या सर्व्हरचा या कंपनीचा वापर रोखला गेला आणि तिच्या ग्राहकांचे अपडेट अडले. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो पूर्ववत करायला सांगितलं. कोड सगळ्यांचा असला, तरी अपडेटचा नळ एका हातात असू शकतो, हे तेव्हा दिसलं.

वेबसाइट बनवून घेताना काय बघाल?

- डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. बनवणाऱ्याच्या नावावर नको. नोंदणीतला ईमेलही संस्थेचाच हवा.
- होस्टिंगचं खातं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.
- बॅकअप घ्या. डेटाबेस आणि फोटोंच्या फाइल्स, दोन्हींचा. तो होस्टिंगवरच न ठेवता संस्थेच्या हार्ड डिस्कवरही ठेवा.
- अपडेटची जबाबदारी एका माणसावर टाका आणि त्याचा खर्च वर्षाच्या बजेटमध्ये धरा.
- मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी बदलून घ्या. नुसतं स्कॅन चढवलं, तर त्यातला शब्द शोधूनही सापडत नाही.
- मराठी निवडा. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते. हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलंय.

आणि ते वाचनालय?

डोमेन संस्थेच्या नावावर असेल आणि एक बॅकअप हाताशी असेल, तर साकोलीत किंवा नागपुरात वर्डप्रेस येणारा कुणीही ती वेबसाइट पुन्हा उभी करू शकतो. जुना मुलगा सापडायची गरज नाही.

बॅकअप नसेल, पण होस्टिंगचं खातं अजून जिवंत असेल, तर आजच लॉगिन करून सगळं उतरवून घ्या. खातंच बंद पडलं असेल, तर 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'वर जुना पत्ता टाकून बघा, काही पानं मिळू शकतात.

पण डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप तिन्ही त्या एकाच मुलाकडे असतील, तर ओपन सोर्सही फारसं कामाला येत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा कुठूनही मिळतं. झाडीबोलीतल्या त्या कविता मात्र कुणीतरी जपून ठेवल्या असतील तरच मिळतात.