लायपोसोम

फॉस्फोलिपिड रेणूंच्या दुहेरी थराने वेढलेली, पोटात पाणी सामावणारी सूक्ष्म पिशवी. औषधे वाहून नेण्यासाठी वापरले जाणारे लायपोसोम बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. फॉस्फोलिपिडाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाणी टाळणारे असल्यामुळे पाण्यात सोडताच हे रेणू आपोआप बंद पिशव्या करतात. इंग्लंडमधील बॅब्रहॅमच्या संस्थेत अ‍ॅलेक बॅंगहम यांनी १९६० च्या दशकात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पाण्यात विरघळणारे औषध पिशवीच्या पोटात आणि मेदात विरघळणारे औषध तिच्या भिंतीत ठेवता येते, हे ध्यानात आल्यावर ग्रेगरी ग्रेगोरिआडिस यांच्यासारख्या संशोधकांनी १९७० च्या दशकारंभी औषधवाहक म्हणून तिचा विचार मांडला. तेव्हापासून लायपोसोमचे वर्णन बहुतेक वेळा नेम धरून रोगावर सोडलेले अस्त्र असे केले जाते. उपलब्ध पुरावा मात्र वेगळेच सांगतो. लायपोसोमचे आजवरचे यश मुख्यतः दोन गोष्टींत आहे : औषध जिथे जायला नको तिथे ते जाऊ न देणे, आणि शरीर परके कण मुळातच जिथे नेऊन टाकते त्या जागेचा उपयोग करून घेणे.

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे औषध प्रभावी असले तरी एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू दुबळा करते. जेरुसलेममध्ये येहेझ्केल बॅरनहोल्झ आणि आल्बेर्तो गॅबिझोन यांच्या कामातून त्याचे लायपोसोममधील रूप तयार झाले. अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध पिशवीत कोंडले जाते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिल्याने भक्षक पेशी तिला लवकर ओळखत नाहीत. अमेरिकेत १९९५ साली ‘डॉक्सिल’ या नावाने त्याला मान्यता मिळाली. मोकळे डॉक्सोरुबिसिन रक्तातून लगोलग ऊतींमध्ये पसरते, तर हे दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहते. हृदयातील केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्याने एवढा मोठा कण तिथून सहसा बाहेर पडत नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ रुग्णांवरील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रूपाने हृदयाची हानी स्पष्टपणे घटवली, पण आयुर्मान वाढवले नाही : एका गटात ते सुमारे २१ महिने, दुसऱ्यात २२. शिवाय तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्याचा त्रास नव्या रूपाने बराच वाढला. कण त्वचेतही साचत होते. गाठीवरचा नेम सुधारला हे फायद्याचे कारण असते, तर आयुर्मानात फरक दिसायला हवा होता.

यावर आक्षेप असा की गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे कण तिथे आपोआप साचतात. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली मांडलेली ही कल्पना पुढे या क्षेत्राचा आधारस्तंभच झाली. ती खोटी नाही. कापोसी सार्कोमाच्या गाठींत लायपोसोममुळे डॉक्सोरुबिसिनचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले होते. पण २०१६ साली टोरांटोतील वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राणिप्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचा मध्यांक ०.७ टक्के निघाला. उंदरांतील रोपलेल्या गाठी माणसातल्यासारख्या नसतात आणि मोकळ्या औषधाचाही अल्पच वाटा गाठीत जातो, हे उत्तर रास्त आहे. त्याने आकड्याची धार कमी होते, पण नेमबाजीचा दावा सिद्ध होत नाही. उरलेल्या कणांचा मोठा हिस्सा यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात.

हीच ‘गळती’ जिथे कामी येते तो रोग म्हणजे काळा आजार. त्याचा परजीवी लीशमानिया डोनोव्हानी नेमका यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेतील भक्षक पेशींतच राहतो. इथे नेम धरावा लागत नाही. शरीरच कण शत्रूच्या घरी पोहोचवते. वापरले जाणारे औषध अँफोटेरिसिन बी. बुरशी आणि परजीवी यांच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला ते चिकटते, पण मानवी पेशींतील कोलेस्टेरॉललाही थोडेफार चिकटते. म्हणून थंडी-ताप येतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. मुझफ्फरपूर येथील श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅमची लायपोसोम-मात्रा एकदाच दिली. सहा महिन्यांनी ९५.७ टक्के रुग्ण बरे आढळले. जुन्या पद्धतीने २९ दिवसांत १५ वेळा औषध चढवलेल्या गटात हे प्रमाण ९६.३ टक्के होते. फरक बरे होण्यात नव्हे, महिनाभर खाट अडवून ठेवण्यात होता, आणि बिहारच्या गरीब कुटुंबासाठी तो फरक लहान नाही.

किंमत हा मात्र खरा, टाळता न येणारा आक्षेप आहे. बिहारमध्ये हे औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगीरूपाने आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील बी. के. बच्छावत यांच्या कामातून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन निघाले, ते याच गरजेपोटी. तरीही २०२१ साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा महाराष्ट्रात नातेवाइकांना या इंजेक्शनसाठी वणवण करावी लागली. दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलोच्या रुग्णाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या दररोज लागतात, त्याही आठवडेच्या आठवडे. तुटवड्यात साधे अँफोटेरिसिनही द्यावे लागले. बुरशी त्यानेही मरते. जपायची असतात ती मूत्रपिंडे, आणि मधुमेही रुग्णात ती आधीच अधू असू शकतात.

लायपोसोमचे पुढचे रूप म्हणजे मेद-नॅनोकण. त्यात पाण्याची पोकळी नसते. आयनीकरणक्षम मेद आरएनएला वेढून बसतो आणि पेशीच्या आतील आम्लधर्मी कप्प्यात विद्युतभारित होऊन त्याला बाहेर सोडतो. व्हँकूव्हरचे पीटर कलिस यांचे या मेदांवरील काम पायाभूत आहे. या तंत्राचे २०१८ साली मान्यता मिळालेले पाटिसिरान यकृतात तयार होणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रथिनाला आवर घालते. कणावर रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई चिकटते आणि यकृतपेशी त्याला कोलेस्टेरॉलवाहक समजून आत घेतात. पत्ता पुन्हा शरीराचाच. कोविडच्या एमआरएनए लशींनाही दूरचा अवयव गाठायचा नव्हता. स्नायूत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत काम भागले.

मग कणाला रोगपेशी ओळखणारा रेणू जोडून नेम का साधू नये? प्रयत्न झाले. अशा कणांवर उभी राहिलेली अमेरिकेतील बाइंड थेरप्युटिक्स ही कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली. एका कंपनीच्या अपयशावरून तत्त्व मोडीत काढता येणार नाही, पण अडचण तत्त्वातही आहे : ओळखणारा रेणू दारात पोहोचल्यावर उपयोगी, तो वाट दाखवत नाही; शिवाय रक्तातील प्रथिने कणावर थर चढवून त्याला झाकू शकतात. टेक्सासमध्ये डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने २०२० साली उलटा मार्ग दाखवला. कणात आणखी एक मेद मिसळून त्याचा विद्युतभार बदलला, की उंदरांत तो यकृताऐवजी फुप्फुसात किंवा प्लीहेत जातो, कारण त्याच्यावर चिकटणारी प्रथिने बदलतात.