व्हर्मिक्युलेट : एका अळीची वळणं

मंडळी, आज आपण एकच इंग्रजी शब्द घेऊ या, 'व्हर्मिक्युलेट'. कोशात अर्थ सापडतो, 'अळीच्या वळणांसारखी नक्षी असलेला'. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण फसतो. हाच शब्द कुठे कौतुकाचा आहे, कुठे टोमण्याचा, तर कुठे चक्क सोंगाचा.

मूळ लॅटिन. 'व्हर्मिस' म्हणजे किडा, 'व्हर्मिक्युलस' म्हणजे छोटासा किडा. रोमन कारागीर काही मिलिमीटरचे रंगीत खडे चित्रातल्या आकृतीच्या कडेकडेने, वळत्या रांगांत बसवत. या कामाला 'ओपस व्हर्मिक्युलाटुम' म्हणतात. १८३१ साली पॉम्पेईत सापडलेलं अलेक्झांडरचं युद्धचित्र याच पद्धतीचं. आज ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. म्हणजे इथे किड्याचं नाव मिळालं ते सर्वांत नाजूक कामाला.

आता टोमणा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ल्युसिलियस नावाचा उपहासकार होऊन गेला. एका नटव्या वक्त्याची त्याने टर उडवली, की याचे शब्द असल्या फरशीतल्या खड्यांसारखे जुळवलेले असतात. सिसेरोने ही ओळ उद्धृत केली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

पुढे हा शब्द इमारतींवर चढला. दगडावर मुद्दाम वेड्यावाकड्या खाचा पाडायच्या, जणू किड्यानेच पोखरलाय! पॅरिसच्या १६७४ च्या पोर्त सँ-मार्तँ कमानीवर हे काम दिसतं. लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरमध्ये, १७७५ नंतर बांधलेल्या घरांच्या दारांभोवती असेच ठोकळे आहेत. ते तर खरे दगडही नाहीत. साच्यात घालून भट्टीत भाजलेला 'कोड स्टोन' आहे तो. घर नवं कोरं, आणि दारावर जुनेपणाचं सोंग.

आपणही या किड्यापासून लांब नाही. 'व्हर्मिलियन', म्हणजे आपला हिंगूळ, हे नाव 'व्हर्मिक्युलस'वरूनच आलं. कारण लाल रंग एका किड्यापासून काढत, आणि त्याचं नाव पुढे या खनिज रंगाला चिकटलं. आपला 'किरमिजी' फारसी-अरबी वाटेने आला. तोही त्याच रंगाच्या किड्याचा, आणि अभ्यासक त्याचा धागा संस्कृत 'कृमी'शी जोडतात.

म्हणून भाषांतर करताना आधी विचारावं, वस्तू कोणती? नाहीतर अलेक्झांडरच्या त्या चित्राला आपण 'किडकी फरशी' म्हणून बसू, आणि एकेक खडा बसवणाऱ्या त्या अनाम हातांची मेहनत आपल्या एका शब्दाने पुसली जाईल.