हात लावला की बाद

तर झालं असं, की मागच्या डिसेंबरमधल्या एका रविवारी मी माझी पहिली हाफ मॅरेथॉन पळत होतो. आदल्या रात्री रिलीज होती, झोप जेमतेम चार तास, आणि सकाळी पोटात गेला होता तो फक्त चहा. सतराव्या किलोमीटरला कानात दडे बसल्यासारखं झालं आणि रस्त्याकडेची झाडं जराशी तिरकी दिसायला लागली. पाण्याच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

(वयाच्या बत्तिसाव्या वर्षी 'काका' ऐकणं हा धक्का वेगळाच. असो.)

मी अंगठा वर करून म्हणालो, "एकदम मस्त!" आणि पुढच्या दीडशे-दोनशे पावलांत दुभाजकापाशी बसलो. बसलो म्हणणं सभ्यपणाचं झालं. कोसळलो.

फार काही झालं नाही. कोपर सोलवटलं, कुणीतरी पाय वर उचलून धरले, नंतर डॉक्टरांनी ईसीजी काढला, तोही ठीक निघाला. पण ते 'एकदम मस्त' काही डोक्यातून जाईना. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना मी त्या मुलीशी खोटं का बोललो? उत्तर लाजिरवाणं आणि सोपं आहे. 'बरं वाटत नाहीये' म्हटलं असतं, तर तिनं मला बसवलं असतं. मग मेडल गेलं, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा फोटोही गेला. मदत घेणं म्हणजे बाद होणं, असा नियम माझ्या डोक्यात पक्का होता.

गंमत म्हणजे हा नियम माझा नाही. तो मॅरेथॉनच्या नियमपुस्तकातच कित्येक दशकं होता. गेले दोन वीकांत मी त्याचाच माग काढत बसलो होतो.

सुरुवात अर्थातच ग्रीसपासून. इ.स.पू. ४९० मधलं मॅरेथॉनचं युद्ध, विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत पळालेला दूत, "जिंकलो!" म्हणून त्यानं सोडलेला प्राण. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्या युद्धाच्या सगळ्यात जवळच्या काळात लिहिणारा हेरोडोटस ही गोष्ट सांगतच नाही. त्याचा फिडिपिडीस अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला पळतो, आणि मरत वगैरे काही नाही. पळून येऊन मरणारा दूत आपल्याला भेटतो तो प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लिखाणात, म्हणजे पाच-सहाशे वर्षांनंतर. तरीही १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुरू झाली ती याच गोष्टीवरून. थोडक्यात, जिच्या मुळाशीच एक कोसळलेला माणूस आहे, अशी ही शर्यत.

आता २४ जुलै १९०८, लंडन. दिवस उकाड्याचा. विंडसर कॅसलपासून निघून व्हाइट सिटीच्या स्टेडियममध्ये शेवट. (आजचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर याच शर्यतीतलं.) इटलीतल्या कार्पी गावचा डोरँडो पिएत्री, वय २२, मिठाईच्या दुकानात काम करणारा पोरगा, सगळ्यात आधी स्टेडियममध्ये शिरला. आणि चुकीच्या दिशेला वळला. पंचांनी त्याला वळवलं, तो पडला. उठवलं, पुन्हा पडला. असं पाच वेळा. शेवटच्या साधारण साडेतीनशे मीटरना त्याला दहा मिनिटं लागली. हजारो लोक उभे राहून बघत होते, राणी अलेक्झांड्रासुद्धा. शेवटी पंचांनी आणि डॉक्टरांनी आधार देत त्याला रेषेपलीकडे नेलं. वेळ २ तास ५४ मिनिटं ४६ सेकंद.

पाठोपाठ अमेरिकेचा जॉनी हेज आला. अमेरिकनांनी तक्रार केली आणि पिएत्री बाद झाला. नियमानं बरोबरच होतं, पळणाऱ्याला आधार देणं चालत नाही. पण जरा थांबून विचार करा. पिएत्रीनं मदत मागितली नव्हती, मागण्याच्या अवस्थेतच तो नव्हता. डॉक्टरपुढे त्या क्षणी दोनच पर्याय होते. हात न लावता त्याला डोळ्यांदेखत मरू द्यायचं, किंवा हात लावून त्याची शर्यत संपवायची. दुसऱ्या दिवशी राणीनं त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला. प्रेक्षकांत बसून वर्तमानपत्रासाठी लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलनं (होय, शेरलॉक होम्सवाला, जो स्वतः डॉक्टर होता) त्याच्यासाठी वर्गणी काढली, आणि सुमारे ३०० पौंड जमले. कौतुक भरपूर झालं. नियम होता तिथेच राहिला.

चारच वर्षांनी, १४ जुलै १९१२ ला, स्टॉकहोमला ऊन तापलं होतं. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, धंद्यानं सुतार, तिशीच्या आसपासच्या किलोमीटरला कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीत कोसळून झालेला हा पहिला मृत्यू. उन्हापासून बचाव म्हणून त्यानं अंगाला मेण फासलं होतं असं सांगतात. तसं असेल, तर घाम वाळून अंग थंड व्हायची वाटच त्यानं बंद करून घेतली होती.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरीही उन्हानं गळपटला. वाटेतल्या एका कुटुंबानं त्याला घरी नेऊन पाणी दिलं, विसावा दिला. आणि शरमेपोटी म्हणा की कशानं, तो संयोजकांना न सांगताच परत गेला. स्वीडनच्या लेखी हा माणूस बेपत्ता! १९६७ साली त्याला सन्मानानं पुन्हा बोलावलं गेलं आणि त्यानं शर्यत पुरी केली. वेळ, ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. ही गोष्ट सगळे हसत सांगतात, मीही सांगायचो. आता मला त्यात वेगळंच दिसतं. लाझारो पळत राहिला आणि गेला. कानाकुरी थांबला, आणि पंचावन्न वर्षांनी हसत हसत रेषा ओलांडायला जिवंत होता.

दरम्यान शास्त्र हळूहळू पुढे सरकत होतं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर सॅम्युएल लेव्हिन आणि सहकारी डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे गलितगात्र होऊन आले होते, त्यांच्या रक्तात साखर फारच कमी निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधीच्या जेवणात भरपूर पिष्टमय पदार्थ आणि शर्यतीत गोड गोळ्या खायला सांगितल्या. माणसं बऱ्या अवस्थेत पोचली. म्हणजे नुसत्या चहावर पळू नये, हे १९२५ पासून माहीत आहे. मला ते शंभर वर्षांनी कळलं.

७ ऑगस्ट १९५४, व्हँकुव्हर, ब्रिटिश एम्पायर आणि कॉमनवेल्थ खेळ. जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू जिम पीटर्स स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसरा धावपटू तब्बल १७ मिनिटं मागे होता. पीटर्स चालत आला असता तरी जिंकला असता! पण उन्हानं त्याचं भानच हरपलं होतं. अकरा मिनिटांत तो जेमतेम दोनशे यार्ड सरकला, पडत, उठत, पुन्हा पडत. हात लावायला कुणी धजेना, कारण पिएत्रीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक. शेवटी संघाच्या मालिशवाल्यानं त्याला धरलं, पण ती रेषा शर्यतीची नव्हतीच, दुसऱ्या स्पर्धांची होती. पीटर्स बचावला, पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. पुढे राजपुत्र फिलिप यांनी त्याला शौर्याचा उल्लेख असलेलं पदक पाठवलं.

पॅटर्न दिसतोय का? राणीचा चषक, राजपुत्राचं पदक. भान हरपेपर्यंत पळणाऱ्याला आपण बक्षीस देतो. वेळीच थांबणाऱ्याला बेपत्ता म्हणून हसतो.

बदल झाला तो १९८४ नंतर. ५ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस, बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. जोन बेनॉइट जिंकून वीसेक मिनिटं झाल्यावर स्वित्झर्लंडची ३९ वर्षांची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली. कमरेतून वाकलेली, एक हात लुळा, पाय वाकडे पडताहेत. डॉक्टर जवळ गेले की ती त्यांना हातानं दूर सारत होती. कारण तिला नियम माहीत होता, हात लावला की बाद. डॉक्टर तिच्या बाजूनं चालत राहिले. तिला घाम येतोय हे बघून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. शेवटच्या फेरीला ५ मिनिटं ४४ सेकंद लागली, आणि ती ३७ वी आली. दोनेक तासांत सावरली.

अख्ख्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं, आणि यावेळी चषकावर भागलं नाही. पुढे नियम बदलला. शर्यतीच्या अधिकृत डॉक्टरांनी धावपटूला हात लावून तपासलं, तर त्याला आता 'मदत' धरत नाहीत. तपासून ठीक वाटलं तर पुढे पळा, नाही वाटलं तर थांबवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. १९०८ चा बग, दुरुस्त व्हायला पाऊणशेहून जास्त वर्षं! आमच्या टीमची तिकिटं त्या मानानं बरी म्हणायची. :)

माझ्या मते खरा बदल औषधांचा नव्हता, तो हाच होता. 'मला बरं वाटत नाहीये' हे सांगण्याची किंमत कमी केली गेली. जिथे अलर्ट आला की बोलणी बसतात, तिथे लोक अलर्टच बंद करून टाकतात, हे आपल्या धंद्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

आता शरीराकडे येतो, कारण इतिहास वाचता वाचता काही गोष्टी मला नव्यानं कळल्या.

पहिली गोष्ट, रेषेनंतर पडणं आणि रेषेआधी पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पळताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून पायातलं रक्त वर ढकलत असतात. आपण रेषा ओलांडून एकदम गपकन उभे राहिलो, की हा पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. बहुतेक लोक शर्यतीत पडतात ते असे. उपाय सोपा आहे, संपल्यावर चालत राहा. आणि आलीच चक्कर, तर आडवं होऊन पाय उंच.

पळता पळता, रेषेच्या अलीकडे कुणी कोसळलं, तर मात्र ते गंभीर समजायचं. ते हृदय असू शकतं, उष्माघात असू शकतो, साखर किंवा सोडियम उतरलेलं असू शकतं. छातीत दुखलं किंवा पळताना शुद्ध हरपली, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पळायचं नाही. पडलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात.

दुसरी गोष्ट उष्माघाताची. १९८४ च्या डॉक्टरांनी घाम बघून धीर धरला, पण पळण्यातून होणाऱ्या उष्माघातात घामानं निथळणारा माणूसही असू शकतो, हे आता पक्कं माहीत आहे. खरी खूण म्हणजे डोकं भरकटणं. असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, चुकीच्या दिशेला वळणं. (पिएत्री आठवला?) अशा माणसाला आधी थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर त्यात, नसेल तर मिळेल त्या गार पाण्यानं अंग भिजवत राहायचं. त्यातला प्रत्येक मिनिट मोलाचा असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे घड्याळाचा लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९०४ साली सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये धावपटूंना मुद्दामच पाणी कमी ठेवलं होतं. विजेता थॉमस हिक्स पाण्याऐवजी स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पोटात घेऊन, भास होत असताना पळाला. नंतरच्या काळात सल्ला उलटला, मिळेल तितकं प्या. मग १९८५ साली दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी दाखवलं, की अति पाण्यानंही धावपटू अत्यवस्थ होतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुणी त्यानंच दगावली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी होतं. तेव्हा तहान लागेल तसं प्यावं, हा आजीचा सल्ला फिरून खरा ठरला. चक्कर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला बाटली लावणं ही मदत नव्हे.

हे सगळं वाचून मी बदललो का? थोडासा. आता पळण्याआधी केळं नाहीतर पोळी-गूळ पोटात जातो. झोप झाली नसेल तर अलार्म बंद करून सरळ पुन्हा झोपतो. आणि मागच्या महिन्यात दहा किलोमीटरच्या शर्यतीत आठव्या किलोमीटरला पुन्हा तसंच जरासं हलकं वाटलं. टेबलापाशी एक मुलगा उभा होता. म्हणाला, "काका, ठीक ना?"

तोंडात 'एकदम मस्त' आलंच होतं. गिळलं आणि म्हणालो, "नाही रे. जरा गरगरतंय."

त्यानं खुर्ची दिली. नाडी बघितली, नाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. दहा मिनिटं बसलो, सावरलो, पण पुढे पळालो नाही. रमतगमत चालत रेषेपर्यंत गेलो. एक आजोबा, एक बाबागाडी आणि दोन कुत्री माझ्या पुढे निघून गेली.

कुणी बाद केलं नाही.