अमेरिकन विद्यार्थ्यांची 'स्लँग' : उगम, प्रसार आणि श्रेय – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भाषेच्या इतिहासात प्रमाणभाषेला मानाचे पान मिळते. बोलींनाही अलीकडच्या काळात अभ्यासविषय म्हणून स्थान प्राप्त झाले आहे. परंतु तरुणांच्या तोंडी असणाऱ्या, दोन-चार वर्षांत जुन्या होणाऱ्या शब्दांची दखल इतिहासाच्या अभ्यासात क्वचितच घेतली जाते. असे शब्द म्हणजे वयाचा उथळपणा, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या स्लँगचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा लिखित इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी असल्याचे लक्षात येते.

'स्लँग' या संज्ञेला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'ग्राम्य भाषा' म्हटल्यास तिच्यावर असभ्यतेचा शिक्का बसतो. 'सांकेतिक भाषा' म्हटल्यास जुन्या व्यापाऱ्यांच्या नंदभाषेसारखी गुप्तता सूचित होते. स्लँगचा हेतू केवळ लपविणे हा नसून आपण कोणत्या गटाचे आहोत हे दाखविणे हा असतो. म्हणून प्रस्तुत निबंधात मूळ संज्ञाच वापरली आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडचे शब्द कोणी घडविले आणि त्यांचे श्रेय कोणाला मिळाले, या दोन प्रश्नांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा येथे घेतला आहे.

१. हार्वर्ड आणि येल : वर्गातून जन्मलेले शब्द

अमेरिकन विद्यार्थ्यांच्या शब्दांचा पहिला महत्त्वाचा संग्रह एका विद्यार्थ्यानेच केला. बेंजामिन होमर हॉल याने १८५१ साली, म्हणजे हार्वर्डमधून पदवी घेतली त्याच वर्षी, महाविद्यालयीन शब्द व प्रथांचा एक कोश प्रसिद्ध केला. १८५६ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. त्या काळी अध्यापनाची मुख्य पद्धत पाठ म्हणून घेण्याची होती. ग्रीक, लॅटिन आणि गणित यांचा नेमलेला भाग विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून म्हणावयाचा आणि अध्यापकाने त्यावर गुण द्यावयाचे, असा परिपाठ होता. साहजिकच हॉलच्या कोशात या प्रसंगाभोवती फिरणारे शब्द पुष्कळ आढळतात. पाठ न येणे म्हणजे 'फ्लंक'. येलमध्ये अर्धवट, चाचरत म्हटलेला पाठ म्हणजे 'फिझल'. परीक्षेआधी घाईने डोक्यात कोंबलेला अभ्यास म्हणजे 'क्रॅम'. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या तयार भाषांतराला 'पोनी' म्हणजे तट्टू म्हणत. त्यावर स्वार होऊन विद्यार्थी पाठ पार करीत असे. आपल्याकडील 'गाइडा'चेच हे पूर्वरूप म्हणावे लागेल.

या शब्दांमागील समाज मात्र फार लहान होता. हॉलच्या हार्वर्डमधील विद्यार्थी गोरे पुरुष होते. रिचर्ड थिओडोर ग्रीनर हा हार्वर्ड महाविद्यालयाची पदवी मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १८७० साली उत्तीर्ण झाला. म्हणजे स्लँगच्या या पहिल्या कोशात 'विद्यार्थी' या शब्दाचा अर्थच मर्यादित होता. तरीही त्या मूठभर तरुणांचे 'फ्लंक' आणि 'क्रॅम' हे शब्द पुढे साऱ्या इंग्रजी जगात पसरले. आज त्यांना कोणी हीन लेखत नाही. प्रतिष्ठितांच्या मुलांची टवाळी कालांतराने शब्दकोशात सन्मानाने बसते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

२. विस्तारणारी विद्यापीठे आणि स्लँगचा शास्त्रीय अभ्यास

१८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी राहिली. उच्चशिक्षण पूर्व किनाऱ्यावरील जुन्या संस्थांच्या बाहेर पडले आणि अनेक ठिकाणी स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. या बदलाची खूण एका शब्दात सापडते. स्त्री-पुरुषांचे एकत्र शिक्षण दर्शविणाऱ्या विशेषणाचे संक्षिप्त रूप 'को-एड' हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ विद्यार्थिनीसाठी रूढ झाले. वास्तविक एकत्र शिक्षण दोघेही घेत होते. पण मुलगा हा 'विद्यार्थी' राहिला आणि मुलगी 'को-एड' झाली. एखाद्या वर्गाला दार उघडले तरी त्याला पाहुणा समजण्याची वृत्ती भाषा कशी जपते, हे यावरून दिसते.

याच सुमारास स्लँगकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. १८८९ साली अमेरिकन डायलेक्ट सोसायटीची स्थापना झाली. मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमधील शब्दांवर विलर्ड गोर याचा लेख १८९५-९६ च्या सुमारास अ‍ॅन आर्बर येथे प्रसिद्ध झाला. १९०० साली यूजीन बॅबिट याने देशातील अनेक महाविद्यालयांतून शब्द मागवून त्यांची मोठी यादी वरील सोसायटीच्या नियतकालिकात छापली. विद्यार्थ्यांची बोलण्याची तऱ्हा ही दोष म्हणून नव्हे, तर भाषेच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून नोंदविली जात होती. कवी वॉल्ट व्हिटमन यानेही १८८५ मधील आपल्या लेखात स्लँगला भाषेच्या निर्मितिशक्तीचे स्थान दिले होते. अ‍ॅन आर्बर हे गाव येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण या इतिहासात ते पुन्हा येणार आहे.

३. हार्लेम : शब्दांची दुसरी टांकसाळ

विसाव्या शतकात विद्यार्थ्यांच्या स्लँगचा मुख्य स्रोत बदलला. दक्षिणेतील वंशभेद आणि दारिद्र्य यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत आली. न्यूयॉर्कमधील हार्लेम हे त्यांच्या सांस्कृतिक जीवनाचे केंद्र झाले. तेथील जॅझ वादकांच्या बोलण्यातून 'हेप', 'हिप', 'जाइव्ह', 'डिग' आणि 'कूल' यांसारखे शब्द नव्या अर्थांनी पुढे आले. वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे याने १९३८ साली या शब्दांचा छोटा कोश काढला. लेखिका व मानववंशशास्त्रज्ञ झोरा नील हर्स्टन हिने १९४२ साली हार्लेमच्या बोलीत एक कथा लिहून तिला शब्दसूची जोडली. बार्नार्ड महाविद्यालयातून १९२८ साली पदवी घेतलेल्या हर्स्टनने आपल्या समाजाच्या बोलीकडे विदुषीच्या नजरेने पाहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हे शब्द गोऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले ते रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका यांच्या मार्गाने. कॅलोवे ज्या 'कॉटन क्लब'मध्ये वाजवीत असे, तेथे कलावंत कृष्णवर्णीय असत. परंतु प्रेक्षकांत बसण्याची मुभा सर्वसाधारणपणे गोऱ्यांनाच होती. तेथील संगीत रेडिओवरून देशभर ऐकले जाई. शब्द भिंतीपलीकडे जात होता. ज्याचा तो शब्द, तो मनुष्य मात्र पुढच्या दाराने आत जाऊ शकत नव्हता. पुढील अर्धशतकाच्या व्यवहाराचे सार या एका चित्रात आहे.

४. महायुद्धानंतरचे महाविद्यालय

१९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळाले आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. दक्षिणेत मात्र बहुतेक संस्थांची दारे कृष्णवर्णीय सैनिकांना बंदच राहिली. पाठ म्हणून घेण्याची पद्धत केव्हाच मागे पडली होती. आता विद्यार्थ्यांच्या शब्दांचा विषय अभ्यास नसून मैत्री, पोशाख, संगीत आणि कोण आपला व कोण परका हा झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील प्राध्यापिका कॉनी एबल यांनी १९७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून शब्द गोळा केले. त्यावर आधारलेल्या त्यांच्या १९९६ च्या ग्रंथातूनही हेच दिसते. या स्लँगमध्ये अभ्यासाविषयीचे शब्द थोडे आणि माणसांना पसंत-नापसंत ठरविणारे शब्द पुष्कळ आहेत. शिवाय कृष्णवर्णीयांच्या बोलीचे या शब्दसंग्रहावरील ऋण त्यांनी स्पष्टपणे नोंदविले आहे.

या ऋणाची जाणीव धनकोंना फार आधीच झाली होती. कादंबरीकार विल्यम मेल्विन केली याने मे १९६२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक मासिकात याच विषयावर लेख लिहिला. कृष्णवर्णीयांचे शब्द गोरे उचलतात आणि मग मूळ बोलणारे ते सोडून नवे घडवितात, असे निरीक्षण त्याने मांडले. या लेखाच्या शीर्षकातच 'वोक' हा शब्द होता. त्याचा पुढील प्रवास निबंधाच्या शेवटी पाहावयाचा आहे.

५. एकच गाव, दोन न्याय

ज्या अ‍ॅन आर्बरमध्ये १८९५ साली विद्यापीठातील तरुणांचे शब्द कौतुकाने टिपले गेले, त्याच गावात १९७७ साली एक खटला दाखल झाला. मार्टिन ल्यूथर किंग प्राथमिक शाळेतील गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या मातांनी शाळाव्यवस्थेला न्यायालयात खेचले. त्यांची मुले वाचनात मागे पडत होती आणि त्यांच्यावर शिकण्यास असमर्थ असल्याचा शिक्का मारला जात होता. भाषाभ्यासक जिनीव्हा स्मिदरमन यांनी मातांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून काम केले. जुलै १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. मुलांची घरची बोली लक्षात न घेता वाचन शिकविल्याने त्यांच्या शिक्षणात अडथळा आला, असे त्यांनी ठरविले आणि शिक्षकांना ती बोली ओळखता यावी यासाठी योजना आखण्याचा आदेश दिला.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीयांची इंग्रजी म्हणजे स्लँग नव्हे. स्लँग हा शब्दांचा बदलता थर आहे, तर ती बोली स्वतःचे व्याकरण असलेली व्यवस्था आहे. तिच्यातील 'ही बी वर्किंग' हे वाक्य प्रमाण इंग्रजीच्या शिक्षकाला चूक वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'तो काम करत आहे' असा नसून 'तो काम करत असतो' असा आहे. 'आहे' आणि 'असतो' हा भेद मराठी भाषकाला सहज कळतो. क्रियेचे नित्यत्व दाखविणारी अशीच सोय त्या बोलीने केली आहे. शिक्षकाला हा नियम ठाऊक नसेल, तर व्याकरणाची जाण असलेले मूल वर्गात अडाणी ठरते.

कॅलिफोर्नियात हाच विरोध अधिक ठळकपणे दिसला. १९८९ साली पामेला मन्रो यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह तेथील स्लँगचा कोश प्रसिद्ध केला. १९९५ साली एमी हेकर्लिंग यांच्या 'क्लूलेस' या चित्रपटात बेव्हर्ली हिल्समधील श्रीमंत शाळकरी मुलींची बोलण्याची ढब देशभर गाजली. त्यानंतर वर्षभराने, १८ डिसेंबर १९९६ रोजी, त्याच राज्यातील ओकलंडच्या शाळा मंडळाने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बोलीला मान्यता देणारा ठराव केला. तिच्या आधाराने प्रमाण इंग्रजी शिकवावी, हा त्यामागील हेतू होता. यावर देशभर टीकेचा आणि थट्टेचा भडिमार झाला. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या भाषाविज्ञान संस्थेने ती बोली नियमबद्ध असल्याचा ठराव केला. पण तो फारसा कोणाच्या कानी गेला नाही. श्रीमंतांच्या मुलींची प्रमाणबाह्य भाषा मोहक ठरली आणि गरिबांच्या मुलांची प्रमाणबाह्य भाषा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाली.

६. एकविसावे शतक : वेग वाढला, व्यवहार तोच

समाजमाध्यमांमुळे शब्दांचा प्रवास आता दशकांऐवजी काही आठवड्यांत होतो. २०२३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला 'रिझ' हा न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय तरुण काय सेनाट याच्या थेट प्रक्षेपणांतून लोकप्रिय झाला. प्रसिद्धिमाध्यमांत मात्र अशा शब्दांचे वर्णन सरसकट 'नव्या पिढीची भाषा' असे होते. पिढीचे नाव दिले की समाजाचे नाव आपोआप पुसले जाते.

'वोक' या शब्दाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अन्यायाविषयी सावध राहा, हा त्याचा कृष्णवर्णीय समाजातील जुना आशय. २०१४ च्या फर्ग्युसन येथील निदर्शनांनंतर तो महाविद्यालयांत पोहोचला आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात या नव्या अर्थाने दाखल झाला. लवकरच राजकीय विरोधकांनी त्याला उपहासाचा शब्द बनविले. एप्रिल २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वंशविषयक अध्यापनावर बंधने घालणारा जो कायदा केला, त्याच्या प्रचलित नावातच हा शब्द रोखण्याची भाषा होती. विद्यापीठांना लागू होणाऱ्या त्यातील तरतुदींना केंद्रीय न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थगिती दिली. सावधगिरीचा इशारा देणारा शब्द अखेर त्या इशाऱ्याविरुद्धच वापरला गेला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते, की अमेरिकन विद्यार्थ्यांच्या स्लँगचा इतिहास हा महाविद्यालयाच्या दाराचा इतिहास आहे. कोण आत होते, कोण बाहेर होते आणि कोण उंबरठ्यावर थांबले होते, हे शब्दांवरून कळते. शब्द उसने घेणे हा अपराध नव्हे. कोणतीही भाषा त्याशिवाय वाढत नाही. शब्दांवर कोणाची मालकी सांगता येत नाही, हा आक्षेपही योग्य आहे. प्रश्न मालकीचा नसून मोजमापाचा आहे. एकाच तऱ्हेचे बोलणे एकाच्या तोंडी चातुर्य आणि दुसऱ्याच्या तोंडी अज्ञान ठरत असेल, तर तेथे भाषेची नव्हे, बोलणाऱ्याची परीक्षा घेतली जात असते.

'कूल', 'ब्रो', 'ड्यूड' हे शब्द चित्रपट आणि भ्रमणध्वनीच्या मार्गाने महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही आले आहेत. येथे ते आधुनिकतेचे चिन्ह मानले जातात आणि 'अमेरिकन' एवढीच त्यांची ओळख असते. 'कूल' हा शब्द हार्लेमच्या ज्या वादकांनी नव्या अर्थाने पुढे आणला, त्यांच्याच समाजातील मुलांना भाषेवरून मंद ठरविले गेले, हे विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे. अ‍ॅन आर्बरच्या निकालाने प्रथम शिक्षकांना शिकण्यास सांगितले होते. विद्यार्थ्याचे वाक्य चूक ठरविण्यापूर्वी त्यामागे एखादा नियम तर नाही ना, हे तपासण्याची जबाबदारी त्या निकालाने अध्यापकावर टाकली, आणि ती केवळ अमेरिकेपुरती मर्यादित मानण्याचे कारण नाही.