यकृत आधी कोणाला? मेल्ड गुणांची गोष्ट

यकृत एक, रुग्ण दोन. कोणाला द्यायचं? अमेरिकेत 2002 पूर्वी हे ठरवताना रुग्ण आयसीयूत आहे का आणि तो यादीत किती दिवस आहे, याला मोठं वजन असे. पण नाव आधी लागलं म्हणजे आजार जास्त गंभीर, असं थोडंच आहे?

फेब्रुवारी 2002 मध्ये मेल्ड गुण आले. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर यांवरून तीन महिन्यांतला मृत्यूचा धोका काढायचा. धोका जास्त, त्याचा नंबर आधी. अचानक यकृत निकामी झालेल्यांचा गट मात्र वेगळा आणि सगळ्यात वर.

गंमत बघा, मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2000 मध्ये मूळ सूत्र मांडलं ते दुसऱ्याच प्रश्नासाठी: यकृताच्या शिरेतला दाब उतरवणाऱ्या टिप्स प्रक्रियेनंतर रुग्ण किती जगेल? त्यामुळे ते यकृताच्या इतर रुग्णांवर पुन्हा तपासावं लागलं. मुलांसाठी तर पेल्ड हे वेगळं सूत्र आलं. त्यात तेव्हा क्रिएटिनिन नव्हतं. अल्ब्युमिन, खुंटलेली वाढ आणि वर्षाखालचं वय होतं.

म्हणून तयार सूत्र वापरताना आधी विचारा: हे कोणावर, कशासाठी बनलं? इथे चुकलं, तर कुणाचा तरी नंबर जातो.