मोडीतल्या तबकड्या

जुन्या बाजारातली कोणती वस्तू कामाची ठरते? ती किती स्वस्त मिळाली यापेक्षा आपल्या मनात कोणते काम घोळते आहे, यावर हे ठरते असे आम्हांला वाटते. भारतातील रेडिओ खगोलशास्त्राच्या इतिहासात याचा एक चांगला दाखला आहे.

१९५३ साली गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ कोलंबो योजनेतून सिडनीला गेले. तिथे पॉट्स हिल येथे ख्रिस्तियनसेन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी ३२ तबकड्यांची रांग उभारली होती. प्रत्येक तबकडीचा व्यास जेमतेम १.८ मीटर. पुढे ख्रिस्तियनसेन यांनी दुसऱ्या जागी नवी दुर्बीण योजली आणि या तबकड्या मोडीत निघण्याची वेळ आली. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या.

एवढ्या लहान तबकड्यांचा उपयोग काय? एकच तबकडी सूर्यावरचे बारकावे दाखवू शकत नाही. पण अनेक तबकड्यांकडून येणारे संदेश एकत्र केले, तर किती बारीक तपशील दिसेल हे टोकांच्या दोन तबकड्यांमधल्या अंतरावर ठरते. म्हणजे मोल तबकडीच्या आकाराला नव्हे, मांडणीला होते.

वस्तू मिळाली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत या तबकड्या कित्येक वर्षे नुसत्या पडून राहिल्या. स्वरूप १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेव्हा त्यांना पुन्हा वाली मिळाला. १९६५ मध्ये त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या: २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटर अंतरात आणि ८ दक्षिणोत्तर. सूर्यबिंबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा तपशील आता टिपता येऊ लागला.

त्याहून मोठी कमाई माणसांची होती. इथे हात बसलेल्या तरुणांच्या बळावर १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी झाली आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी भंगारवाल्याकडे जाताना आपण वस्तूंची यादी नेतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची यादी नेऊन पाहावी. मग मोडका रेडिओ आणि जुनी भिंगे वेगळीच दिसू लागतील.